वडसा ते चंद्रपूरचा परकोट : एका शैक्षणिक सहलीची आखणी

शालेय वर्षाच्या उत्तरार्धात, धानाची कापणी आणि मळणी आटोपली की गावोगावच्या शाळांतून सहलीचे वारे वाहू लागतात. विद्यार्थ्यांना या दिवसाची मोठी उत्सुकता असते. पालकही पोटाला चिमटा घेऊन सहलीची वर्गणी भरतात. परंतु सहल आटोपल्यानंतर आठ दिवसांनी "काय पाहिले?" असा प्रश्न विचारला, तर बहुतेक मुलांना गाडीतील गाणी, वाटेत घेतलेली खेळणी आणि झालेली दमछाक एवढेच आठवते. दोष मुलांचा नसतो. पाहण्याची तयारी करून न घेता त्यांना केवळ स्थळापर्यंत नेऊन पोहोचविले जाते, हे त्याचे कारण होय. सहल हा एक पाठ आहे, आणि कोणत्याही पाठाप्रमाणे त्याचेही टाचण आधी काढावे लागते, एवढी एक गोष्ट मान्य केली तर हे चित्र पालटू शकते.

प्रस्तुत लेखात अशा आखणीचा एक नमुना दिला आहे. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजेच देसाईगंज, या गावाहून चंद्रपूर शहराचा प्रसिद्ध परकोट आणि त्याच्या आवारातील वास्तू पाहावयास जाणारी शाळा डोळ्यांपुढे ठेवून तो तयार केला आहे. शिक्षक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य आणि ग्रामपंचायतीचे पदाधिकारी यांना आपापल्या परिस्थितीनुसार त्यात फेरबदल करता येतील.

चंद्रपूरच का?

वडसा परिसरातील शाळांना नागपूरचे आकर्षण असणे स्वाभाविक आहे. तथापि चंद्रपूर निवडण्यास तीन सबळ कारणे आहेत.

पहिले कारण प्रवासाचे. वडसा हे गोंदिया-नागभीड-बल्लारशाह या लोहमार्गावरील स्थानक असून अनेक दशके गडचिरोली जिल्ह्यातील ते एकमेव रेल्वेस्थानक राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल नागपूर रेल्वेने टाकलेला हा मार्ग पूर्वी अरुंदमापी होता. १९९० च्या दशकात त्याचे रुंदीकरण झाले. या मार्गावर चंद्रपूर शहराचे जे स्थानक आहे, त्याचे नावच 'चांदा फोर्ट' असे आहे. ज्या स्थानकाच्या नावातच किल्ला आहे, त्या स्थानकावर उतरून किल्ला पाहावयास जाणे मुलांना निश्चितच आवडेल.

दुसरे कारण प्रशासकीय इतिहासाचे. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आला. तोपर्यंत वडसा चंद्रपूर जिल्ह्यातच होते. कोर्टकचेरीच्या, जमिनीच्या आणि नोकरीच्या कामासाठी या भागातील माणसे 'चांद्याला' जात असत. आजच्या विद्यार्थ्यांच्या आजी-आजोबांच्या बोलण्यात तो 'चांदा' अद्याप जिवंत आहे. सहलीपूर्वी मुलांनी त्यांच्याकडून एकेक आठवण विचारून लिहून आणली, तर सहलीच्या पाठाची सुरुवात घरातूनच होईल.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. चंद्रपूर ही गोंड राजांची राजधानी होती. वडसा, कुरखेडा, आरमोरी, धानोरा या पट्ट्यातील शाळांतून गोंड समाजाची मुले मोठ्या संख्येने शिकतात. पाठ्यपुस्तकात त्यांना अनेक राजांची आणि राजधान्यांची माहिती मिळते, मात्र त्यांतील बहुतेक राजधान्या दूरच्या असतात. ज्यांनी कोरीव दगडांचा परकोट बांधला, तलाव राखले, शहर वसविले, ते राजे आपल्याच समाजातील होते हे त्या मुलांनी प्रत्यक्ष दगडाला हात लावून जाणणे, आणि शेजारच्या बाकावरील इतर मुलांनीही ते त्यांच्यासमवेत जाणणे, याचे मोल कोणत्याही गुणपत्रिकेत मोजता येणार नाही. ही सहल घाईत उरकली गेली तर नेमकी हीच गोष्ट हातातून निसटते.

शिक्षकाने जाणून घ्यावयाचा इतिहास

सहलीपूर्वी शिक्षकांजवळ थोडी पण निश्चित माहिती असावी. परंपरेनुसार पंधराव्या शतकात राजा खांडक्या बल्लाळशाह याने या शहराची स्थापना केली. त्यापूर्वी राजधानी बल्लारपूर येथे होती. राजाच्या अंगावर गाठी आल्या होत्या आणि त्या कोणत्याही उपचाराने जात नव्हत्या. शिकारीच्या निमित्ताने फिरत असता त्याला झरपट नदीच्या कोरड्या पात्रात पाण्याने भरलेला एक खळगा आढळला. त्या पाण्याने हातपाय धुताच त्याची व्याधी दूर झाली, अशी आख्यायिका आहे. त्या स्थानी आज अचलेश्वराचे देवालय आहे. पुढे एक ससा राजाच्या कुत्र्याचाच पाठलाग करू लागल्याचे दृश्य राजाला दिसले आणि त्या सशाने ज्या मार्गाने कुत्र्याला पळविले, त्या मार्गावर परकोटाची आखणी झाली, असेही सांगतात.

ही कथा मुलांना अवश्य सांगावी, परंतु कथा म्हणून सांगावी. सांगून झाल्यावर असे विचारावे की, राजधानीसाठी जागा निवडताना राजाला कोणत्या गोष्टींची गरज भासली असेल? इरई आणि झरपट या नद्यांच्या सान्निध्यात हे शहर वसले आहे, हे नकाशावर दाखविले की मुले स्वतःच पाण्याचे महत्त्व सांगतील. आख्यायिकेतील पाण्याचा खळगा आणि नकाशातील नद्या यांचा संबंध त्यांना जुळविता आला, तर इतिहास कसा वाचावा याचा पहिला धडा त्यांना मिळाला असे समजावे.

परकोटाचे काम एका राजाच्या कारकिर्दीत पूर्ण झाले नाही. ते पिढ्यानपिढ्या चालू राहिले आणि सतराव्या शतकाच्या आरंभी धुंड्या रामशाह याच्या काळात पूर्णत्वास गेले, असे मानले जाते. परकोटाला चार मुख्य दरवाजे आहेत : उत्तरेस जटपुरा, पूर्वेस अंचलेश्वर, दक्षिणेस पठाणपुरा आणि पश्चिमेस बिनबा. यांखेरीज पाच लहान दारे असून त्यांना 'खिडक्या' म्हणतात. बगड खिडकी, विठोबा खिडकी, हनुमान खिडकी ही त्यांपैकी काहींची नावे होत. दरवाजांवर हत्तीवर मात करणाऱ्या सिंहाचे शिल्प आढळते. ते गोंड राजसत्तेचे चिन्ह होय.

राजे बीरशाह यांच्या मृत्यूनंतर राणी हिराई यांनी त्यांची भव्य समाधी उभारली. महाकाली आणि अचलेश्वर या देवालयांच्या उभारणीशी आणि जीर्णोद्धाराशीही त्यांचेच नाव निगडित आहे. चंद्रपूरच्या ज्या वास्तू आज आपण कौतुकाने पाहतो, त्यांतील अनेकींमागे एका स्त्रीची दृष्टी आणि कर्तृत्व आहे, ही बाब वर्गातील मुलींच्या आणि मुलांच्याही ध्यानात आणून द्यावी.

१७५१ मध्ये हे राज्य नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेले. १८१८ मध्ये इंग्रजी फौजेने किल्ला घेतला आणि १८५४ मध्ये नागपूर राज्याबरोबर हा प्रदेश इंग्रजी अमलाखाली आला. त्यानंतर चारच वर्षांनी, १८५८ मध्ये, मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव पुलेश्वर शेडमाके यांनी गोंड तरुणांना संघटित करून इंग्रजांविरुद्ध लढा दिला. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चंद्रपूर येथे फाशी देण्यात आली. त्यांच्या स्मरणार्थ भारतीय टपाल खात्याने तिकीट काढले. त्यांचे स्मृतिस्थान कारागृहाच्या आवारात असल्याने तेथे पूर्वपरवानगीशिवाय जाता येत नाही. परंतु ते ज्या भूमीतून आले, ती आजच्या गडचिरोली जिल्ह्यातच आहे. शहरात पाऊल ठेवल्यावर त्यांचे नाव घेतल्याशिवाय हा पाठ पूर्ण होणार नाही.

वेळेचा हिशेब

सहलीच्या आखणीत पैशांपेक्षाही वेळेचा हिशेब अधिक चुकतो. वडसा ते चंद्रपूर हे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या वर आहे. जाण्यायेण्यात दिवसाचा मोठा भाग खर्च होतो. समजा, गाडीच्या वेळा पाहता शहरात सहा तास हाती राहतात. त्यांतील एक तास स्थानकापासून किल्ल्यापर्यंत आणि परतीच्या जाण्यात, एक तास भोजनात, आणि एक तास हजेरी, पाणी, प्रसाधनगृह व अनपेक्षित खोळंबा यांत जातो. उरतात तीन तास.

आता परकोटाचा विचार करू. जुन्या इंग्रजी वर्णनांत त्याचा घेर साडेपाच मैल, म्हणजे सुमारे नऊ किलोमीटर दिला आहे, तर अलीकडील लेखनात तो अकरा किलोमीटर सांगितला जातो. मुलांचा घोळका ताशी तीन किलोमीटरपेक्षा वेगाने चालत नाही. म्हणजे कोठेही न थांबता नुसती प्रदक्षिणा करावयाची म्हटली तरी तीन ते पावणेचार तास लागतील, आणि न थांबता केलेल्या प्रदक्षिणेत शिकण्यासारखे काहीच उरणार नाही.

तरीही अनेक शाळा याच एका दिवसात चारही दरवाजे, लालपेठेतील प्रचंड पाषाणमूर्ती, बल्लारपूरचा किल्ला, औष्णिक विद्युत केंद्राची धुरांडी आणि शक्य झाल्यास ताडोब्याचे प्रवेशद्वार एवढे सर्व बसविण्याचा प्रयत्न करतात. परिणामी मुले दिवसभर वाहनातून चढत आणि उतरत राहतात. 'इतक्या दूर आलोच आहोत, तर तेही पाहून घेऊ' हा विचार सहलीचा खरा शत्रू होय. जे वगळले ते पुढील वर्षीच्या तुकडीसाठी राखून ठेवावे.

आमच्या मते तीन तासांत तीनच ठिकाणे घ्यावीत. अंचलेश्वर दरवाजा व त्यालगतचा तट, अचलेश्वर देवालय आणि गोंड राजांच्या समाध्या ही तिन्ही स्थळे परस्परांजवळ आहेत. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पायी जाता येते. प्रत्येक ठिकाणी पाऊण तास दिला, तर शेवटी पाऊण तास शिल्लक राहतो. त्या वेळात मुलांनी सावलीत बसून रेखाटने आणि टिपणे पूर्ण करावीत. शिल्लक वेळ हातात असूनही वाहनात बसून आणखी कोठे जाण्याचा मोह शिक्षकांनी टाळावा. महाकाली देवालय याच बाजूस परकोटाबाहेर आहे, परंतु चैत्र महिन्यातील यात्रेच्या काळात तेथे फार मोठी गर्दी होते. त्या दिवसांत सहल नेऊ नये.

ऋतू आणि दिवस यांची निवड

चंद्रपूरचा उन्हाळा अत्यंत कडक असतो. मे महिन्यात येथील तापमान अनेकदा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि तापलेल्या दगडी तटाजवळ त्याची झळ अधिक जाणवते. पावसाळ्यात तटावर शेवाळ आणि झुडपे वाढतात, पाय घसरण्याचा आणि सर्पदंशाचा धोका असतो. म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य होय.

या काळात वडसा परिसरात मंडईचे दिवस असतात. झाडीपट्टीच्या नाटकांचे वडसा हे मोठे केंद्र आहे. गावात नाटक असले की लहानथोर रात्रभर जागतात. अशा जागरणाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे निघालेली मुले परकोट पाहण्याऐवजी डुलक्या घेतील. तेव्हा तारीख ठरविताना आसपासच्या गावांच्या मंडईच्या तारखा विचारून घ्याव्यात. ही माहिती ग्रामपंचायत सदस्यांइतकी अचूक दुसऱ्या कोणाजवळ नसते.

परवानगी, सोबत आणि खर्च

सहलीसाठी मुख्याध्यापकांनी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्यावा, शासनाच्या प्रचलित सूचनांनुसार शिक्षण विभागाची लेखी परवानगी वेळेत मिळवावी आणि प्रत्येक पालकाचे संमतिपत्र जवळ ठेवावे. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण सोयीचे पडते. मुली असल्यास शिक्षिका सोबत असणे अनिवार्य समजावे. प्रत्येक शिक्षकाकडे आपल्या दहा विद्यार्थ्यांची नावे, पालकांचे दूरध्वनी क्रमांक आणि कोणास आजार वा औषध असल्यास त्याची नोंद असावी. हजेरी गाडीत चढताना, उतरताना आणि प्रत्येक स्थळ सोडताना घ्यावी.

रेल्वेच्या वेळा बदलत असतात. त्या आठवडाभर आधी स्थानकावरून पडताळून घ्याव्यात. या मार्गावरील गाड्यांची संख्या मर्यादित असल्याने परतीची गाडी चुकल्यास एस.टी.ने येण्याची पर्यायी योजना तयार ठेवावी. येथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी लागते. चंद्रपूर शहरात दोन स्थानके आहेत. वर्धा-बल्लारशाह मार्गावरचे 'चंद्रपूर' आणि गोंदिया मार्गावरचे 'चांदा फोर्ट'. वडशाची गाडी 'चांदा फोर्ट' येथे मिळते. रिक्षावाल्यास किंवा भाड्याच्या वाहनाच्या चालकास केवळ 'स्टेशन' असे सांगितल्यास तो दुसऱ्या स्थानकावर नेण्याची शक्यता असते.

खर्चाचे अंदाजपत्रक प्रवासभाडे, शहरातील वाहन, भोजन, प्रथमोपचार आणि आकस्मिक खर्च अशा पाच शीर्षांखाली करावे आणि ते सूचनाफलकावर लावावे. दुपारचे जेवण घरून बांधून आणले तर खर्चही वाचतो आणि पोटही बिघडत नाही. वर्गणी भरू न शकणाऱ्या मुलाचे नाव वर्गात उच्चारले जाणार नाही, याची दक्षता शिक्षकांनी घ्यावी. अशा मुलांचा भार ग्रामपंचायत सदस्य, शाळा व्यवस्थापन समिती आणि गावातील दात्यांनी आधीच, गाजावाजा न करता उचलावा. पैशांअभावी मागे राहिलेले मूल ज्या दिवशी मित्रांना गाडीत चढताना पाहते, तो दिवस ते जन्मभर विसरत नाही. वर्गातील एकही मूल मागे राहणार असेल, तर सहल महिनाभर पुढे ढकलावी, पण त्याला सोडून जाऊ नये.

प्रवास हाही पाठाचा भाग

वडसा सोडताच गाडी वैनगंगा ओलांडून ब्रह्मपुरीकडे जाते. पुढे नागभीड, सिंदेवाही, मूल, केळझर ही स्थानके लागतात. या वाटेवर धानाची बांधी, तलाव आणि दाट अरण्य असे दृश्य क्रमाक्रमाने बदलत जाते. मुलांना स्थानकांच्या नावांची एक यादी द्यावी आणि प्रत्येक दोन स्थानकांदरम्यान शेती, पाणी की जंगल यांपैकी काय अधिक दिसले याची खूण करावयास सांगावे. या लोहमार्गावर वन्यप्राणी गाडीखाली सापडल्याच्या घटना घडल्या आहेत. गाडी अरण्यातून जात असताना त्यासंबंधी दोन शब्द सांगितले, तर लोहमार्ग आणि अरण्य यांचा प्रश्न मुलांना पुस्तकाविना समजेल. खिडकीतून हात बाहेर काढू नये आणि दारात उभे राहू नये, ही सूचना मात्र प्रत्येक स्थानकावर द्यावी.

स्थळावरील कामे

प्रत्येक विद्यार्थ्याजवळ एक वही, पेन्सिल, आणि प्रत्येक गटाजवळ एक मोजपट्टी, एक मीटर लांबीची काठी व दोरी असावी. पुढील तीन कामे पुरेशी आहेत.

पहिले काम तटाची उंची मोजण्याचे. तटावर चढण्याची मुळीच आवश्यकता नाही आणि चढू देऊही नये. जेथे तटाची सावली मोकळ्या, सपाट जागेवर पडत असेल, तेथे एक मीटरची काठी जमिनीत सरळ उभी करावी व तिची सावली मोजावी. त्यानंतर लगेच तटाच्या पायथ्यापासून त्याच्या सावलीच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. हे अंतर काठीची सावली ज्या दिशेने पडली आहे त्याच दिशेने मोजले पाहिजे, अन्यथा उत्तर चुकते. समजा, काठीची सावली १ मीटर २० सेंटिमीटर आणि तटाची सावली ६ मीटर ६० सेंटिमीटर भरली. ६.६० ला १.२० ने भागले असता तटाची उंची साडेपाच मीटर, म्हणजे सुमारे १८ फूट येते. जुन्या वर्णनांत ही उंची पंधरा ते वीस फूट दिली आहे. आपले उत्तर त्या मर्यादेत येते की नाही, हे मुलांना पडताळून पाहू द्यावे. वर्गातील प्रमाणाचे गणित येथे प्रत्यक्ष उपयोगी पडते.

दुसरे काम शिल्पाचे. दरवाजावरील सिंह-हत्तीचे शिल्प पाहून प्रत्येकाने रेखाटन करावे आणि राजाने हेच चिन्ह का निवडले असेल याविषयी आपले मत दोन वाक्यांत लिहावे. उत्तर बरोबर की चूक असा निर्णय शिक्षकांनी देऊ नये. परकोटाचे दरवाजे आजही वाहत्या रस्त्यांवर आहेत, त्यांतून वाहनांची ये-जा सतत सुरू असते. त्यामुळे रेखाटनासाठी रस्त्यापासून दूरची, शक्य तो आतल्या बाजूची जागा आधीच हेरून ठेवावी. त्यासाठी एका शिक्षकाने सहलीपूर्वी एकदा स्वतः जाऊन येणे हितावह ठरते. पिण्याचे पाणी, प्रसाधनगृह आणि भोजनाची सावलीची जागा यांची पाहणीही त्याच फेरीत होते.

तिसरे काम समाध्यांच्या आवारात करावयाचे आहे, आणि ते शांततेचे आहे. येथे पोहोचल्यावर पहिली पाच मिनिटे कोणीही बोलू नये. या केवळ जुन्या इमारती नाहीत, गोंड समाजाच्या दृष्टीने ही त्यांच्या पूर्वजांची विश्रांतिस्थाने आहेत. तेथे धावणे, ओट्यांवर बसून डबे उघडणे किंवा छायाचित्रांसाठी समाधीवर चढणे हे कोणत्याही देवळात जितके अनुचित, तितकेच येथेही अनुचित आहे. त्यानंतर बीरशाह यांच्या समाधीची कमान, घुमट आणि दगडांतील सांधे मुलांनी बारकाईने पाहावेत. गटात गोंडी बोलणारी मुले असल्यास घर, दगड, पाणी, राजा, वाट या गोष्टींना गोंडीत काय म्हणतात, हे त्यांनी इतरांना सांगावे आणि सर्वांनी ते वहीत लिहून घ्यावे. एरवी वर्गात मागे बसणारा विद्यार्थी या ठिकाणी काही काळ सर्वांचा शिक्षक होईल.

वारशाचे रक्षण

परकोट आणि समाध्या ही केंद्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाची संरक्षित स्मारके आहेत. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यान्वये, २०१० च्या सुधारणेनंतर, अशा स्मारकास इजा पोहोचविणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मात्र मुलांना कायद्याचा धाक घालण्यापेक्षा एक उदाहरण सांगणे अधिक परिणामकारक ठरेल. झाडाझुडपांनी आणि कचऱ्याने वेढलेल्या या परकोटाची स्वच्छता २०१७ मध्ये चंद्रपूरच्याच 'इको-प्रो' या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी हाती घेतली आणि महिनोन् महिने दररोज श्रमदान करून तटाचे व बुरुजांचे मोठे भाग मोकळे केले. त्याच वर्षी आकाशवाणीवरील 'मन की बात' या कार्यक्रमातून प्रधानमंत्र्यांनीही या कार्याचा उल्लेख केला. शेकडो वर्षांपूर्वीचा तट आज मुलांना चालत जाऊन पाहता येतो, तो अशा हातांमुळे. तेव्हा आपल्या गटाने आपला कचरा पिशवीत भरून परत न्यावा, हा नियम सहलीच्या सूचनापत्रकात पहिल्या क्रमांकावर लिहावा.

परतल्यानंतर

सहलीचा पाठ घरी परतल्यावर पूर्ण होतो. पुढील आठवड्यात एक तास राखून प्रत्येक गटाने आपली मोजमापे, रेखाटने आणि गोंडी शब्दांची यादी फळ्यावर मांडावी. परकोटाचा घेर नऊ किलोमीटर की अकरा, हा प्रश्न येथे उपयोगी पडतो. शहराच्या प्रमाणबद्ध नकाशावर परकोटाच्या रेषेवरून दोरा फिरवावा, दोऱ्याची लांबी मोजावी आणि नकाशाच्या प्रमाणाने गुणावी. बुरुजांची वळणे धरली तर लांबी वाढते, सरळ रेषा धरली तर घटते, हे मुलांना स्वतःच उमगेल. दोन पुस्तकांत दोन आकडे का असतात, या शंकेचे उत्तर त्यांना दोऱ्यातून मिळेल.

ज्या शाळांना चंद्रपूरपर्यंत जाणे शक्य होणार नाही, त्यांनी आरमोरी तालुक्यातील वैरागडचा किल्ला निवडावा. तो वडशाहून जवळ आहे, त्याचाही संबंध चंद्रपूरच्या गोंड राजांशी आहे आणि तेथील हिऱ्यांच्या खाणींचा उल्लेख अकबराच्या काळातील 'ऐन-ए-अकबरी' या ग्रंथात आढळतो. वर दिलेली सर्व कामे तेथेही करता येतात.

शेवटी एक सूचना ग्रामपंचायत सदस्यांसाठी. तलाव बांधणाऱ्यास त्या तलावाखाली भिजणारी जमीन देण्याची प्रथा गोंड राजांनी पाडली, असे परंपरा सांगते. आपल्या भागातील अनेक जुने तलाव, ज्यांना आज आपण माजी मालगुजारी किंवा 'मामा तलाव' म्हणतो, त्या परंपरेतून उभे राहिलेल्या तलाव-व्यवस्थेचे वारस आहेत. सहलीहून परतलेल्या मुलांना एके सायंकाळी गावाच्या तलावाच्या पाळीवर न्यावे. चंद्रपूरला वापरलेली तीच काठी आणि तीच मोजपट्टी घेऊन त्यांना पाळीची लांबी मोजू द्यावी, सांडवा व तूब दाखवावे, गाळ किती साचला आहे ते जुन्या शेतकऱ्यांकडून विचारून घेऊ द्यावे आणि मुलांनी तयार केलेली ही नोंद पुढील ग्रामसभेत वाचून दाखवावी. परकोट पाहून आलेली मुले गावच्या तलावाकडे आता वेगळ्या नजरेने पाहतील, आणि त्यांची नोंद ऐकल्यावर तलावाच्या दुरुस्तीचा विषय ग्रामसभेला टाळता येणार नाही.